‘पुसू नये’

मित्रांनो, फळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काळा फळा येतो, खडू येतो, खडूची भुकटी येते. मी त्या घराण्यातला नाही. मी पांढरा फळा आहे. म्हणजे होतो पांढरा. आता वय झालं, अंगावर करडी झाक आली. सध्या मी एका अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून उभा आहे. समोर भिंतीशिवाय काही नाही, म्हणून मागचं आठवत असतो. तुम्हाला वेळ असेल तर सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादाचा पातळ पत्रा घेतला, त्यावर पांढरा लेप चढवला आणि मला भट्टीत भाजून काढलं. बाहेर आलो तेव्हा मी इतका चकचकीत होतो, की तपासणी करणाऱ्या कामगाराने माझ्यात बघून आपला भांग सारखा केला. ती मी माझी पहिली शाबासकी मानली. आम्ही बारा भाऊ एकाच खोक्यात होतो. एक बालवाडीत गेला, एक दवाखान्यात, दोघे कुठल्याशा कचेरीत. मलाही बालवाडी हवी होती. तिथे म्हणे फळ्यावर फुलं काढतात. पण माझी रवानगी झाली एका विद्यापीठाच्या संगणक विभागात, तिसऱ्या मजल्यावर, एकच खिडकी असलेल्या खोलीत.

दारावर ‘प्रयोगशाळा’ अशी पाटी होती. मला वाटलं, आता काचेच्या नळ्या दिसणार, रंगीत पाणी उकळणार, मधूनच काहीतरी फुटणार. कसलं काय! सहा टेबलं, सहा संगणक, सहा माणसं, आणि सहाही जणांच्या कानांवर हेडफोन. त्या खोलीचा एक अलिखित नियम होता: हेडफोन कानांवर असला की त्या माणसाशी बोलायचं नाही. आणि हेडफोन काढायचं कुणाला काही कारण नसायचं. मला भिंतीवर ठोकताना जेवढा आवाज झाला, तेवढा नंतर महिनाभर त्या खोलीत झाला नसेल.

ही सगळी मंडळी पीएचडी करत होती. पीएचडी म्हणजे काय, ते मी तिथेच शिकलो. आजवर कुणी न सोडवलेला एक प्रश्न घ्यायचा आणि तो सुटेपर्यंत त्याच्याबरोबर राहायचं. पाच वर्षं, सहा वर्षं, कधी त्याहून जास्त. शाळेत तुमच्या शेजारच्यालाही तेच गणित असतं. अडलं तर हळूच त्याच्या वहीत डोकावता येतं. इथे शेजारच्याचं गणितच वेगळं. डोकावून काही उपयोग नाही.

आणखी एक रीत होती, ती माझ्याशी संबंधित. कुणी महत्त्वाचं काही लिहिलं की त्याभोवती चौकट काढायची आणि वर लिहायचं, ‘पुसू नये’. मग त्या चौकटीला कुणी हात लावत नसे. माझ्या अंगावर अशा चौकटी वाढत गेल्या आणि मोकळी जागा कमी होत गेली. खरं सांगतो, मला ते आवडत नसे. फळ्याचं सुख पुसलं जाण्यात असतं. पण मला विचारतो कोण?

चौथ्या वर्षी ती आली. तिला दारालगतचं टेबल मिळालं, जिथे येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का लागायचा. तिचा प्रश्न मोठा मजेशीर होता. नुसत्या खोकल्याच्या आवाजावरून छातीचा आजार ओळखणारं यंत्र तिला शिकवून तयार करायचं होतं. डॉक्टर नसलेल्या गावात कुणी फोनमध्ये खोकलं, तर फोनने सांगावं, ‘तुम्ही दवाखान्यात जा’ किंवा ‘घाबरू नका’. एका इस्पितळाने चारशे बारा माणसांचे खोकले तिला दिले होते. प्रत्येकजण दहा वेळा खोकला होता. ती दिवसभर हेडफोन लावून ते ऐकत बसायची. खोलीतल्यांनी तिचं नाव ठेवलं खोकलेताई. नाव ठेवण्यापुरते सगळे एकत्र आले, हसले आणि परत आपापल्या हेडफोनमध्ये शिरले.

तिला सवय लागली ती माझ्याशी बोलण्याची. अडलं की उठायची, हिरवा मार्कर घ्यायची आणि म्हणायची, “ऐक हं. आता हे असं आहे.” माझ्याकडे दिवसभर सगळे बघायचे, पण माझ्याशी बोलणारी ती पहिलीच. मी काही उत्तर देऊ शकत नव्हतो, आणि बहुतेक म्हणूनच मी तिला चालत होतो.

तिच्या दुसऱ्या वर्षी तिने माझ्या उजव्या कोपऱ्यात एक आकृती काढली. ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. यंत्राला शिकवतात ते तुमच्यासारखंच. आधी उदाहरणं देऊन सराव करून घ्यायचा, मग न पाहिलेली उदाहरणं देऊन परीक्षा घ्यायची. तिने सगळ्या खोकल्यांचा एक मोठा ढीग काढला, चार हजार एकशे वीस. तो पत्त्यांसारखा पिसला आणि दोन ढीग केले. चार भाग सरावाला, एक भाग परीक्षेला. त्या सोमवारी तिचे सर आले. सरांच्या खांद्यावर कायम बॅग असायची, कारण त्यांना कायम कुठेतरी निघायचं असायचं. आठवड्याला पंधरा मिनिटं ते तिला देत, तीही उभ्या उभ्या. त्यांनी आकृती पाहिली आणि म्हणाले, “छान. आकडा किती येतो ते बघ.” बाकीच्या पाच जणांनीही मान डोलावली.

आकडा आला ९२.४. शंभर खोकल्यांपैकी ब्याण्णवांहून जास्त यंत्राने बरोबर ओळखले. तिने आकृतीखाली तो ठळक लिहिला, सगळ्याभोवती चौकट काढली आणि वर लिहिलं, ‘पुसू नये’. सरांनी माझा फोटो काढला. शोधनिबंध छापून आला. त्या दिवशी खोलीतल्या पाचही जणांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्यांसाठी दोघांनी तर एका कानावरचा हेडफोनसुद्धा बाजूला केला. पाहुणे आले की त्यांना आधी माझा तो कोपरा दाखवत. मीही ताठ उभा राहायचो. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मानाचा काळ, आणि आता तो आठवला की मलाच ओशाळल्यासारखं होतं.

त्यानंतरची तीन वर्षं सारखीच गेली. तिच्याबरोबरचे दोघे मध्येच सोडून गेले. एकाने जाताना निरोप घेतला, दुसऱ्याचं टेबल एका सकाळी रिकामं दिसलं. रविवारी दुपारी खोलीत ती एकटीच असायची. तेव्हा आईचा फोन यायचा.

“झालं का गं?” आई विचारायची.

“होईल.”

“अगं, पण नक्की काय राहिलंय?”

यावर ती काहीतरी सांगायला लागायची आणि अर्ध्यावर थांबायची. मग म्हणायची, “जेवले मी, हो. वेळेवर.” डबा तर बंदच असायचा टेबलावर.

अशा रविवारी ती पुन्हा तेच खोकले लावून बसायची. काम म्हणून कमी आणि सोबत म्हणून जास्त, असं मला वाटायचं. माणसांच्या नावांच्या जागी तिच्याकडे नुसते क्रमांक होते, पण तिला ती माणसं पाठ झाली होती. सतरा नंबरचे आजोबा दोनदा कोरडं खोकायचे आणि शेवटी “आई गं” म्हणायचे. दोनशे तीन नंबरची बाई खोकून झालं की माफी मागितल्यासारखी हसायची. “काय आजोबा, आज काय म्हणतेय छाती?” असं ती हेडफोन लावून, एकटीच, मोठ्याने बोलायची, ते मी ऐकलंय. चारशे बारा माणसांच्या त्या गर्दीत तिला नावाने हाक मारणारं एकही नव्हतं.

मग शेवटाकडे आलो. प्रबंध लिहून झाला. तोंडी परीक्षेला पाच आठवडे राहिले. एका दुसऱ्या इस्पितळाने नव्वद नव्या माणसांचे खोकले पाठवले. प्रबंधात त्यांची गरज नव्हती. पण तिला वाटलं, लावून तर बघू, शोभा येईल.

आकडा आला ५४.

नाणं उडवून सांगितलं असतं तरी पन्नास आले असते. तिने आधी दोष दिला तिथल्या मायक्रोफोनला. मग तिथल्या पंख्याला. अकरा दिवस ती दोष द्यायला काहीतरी शोधत होती. बाराव्या दिवशी, भर सकाळी, खिडकीतून माझ्यावर ऊन पडलेलं असताना, तिने दोन्हीकडचे खोकले एकामागून एक ऐकायला घेतले. नवे ऐकले. सगळे परके. मग आपल्या जुन्या परीक्षेचा ढीग उघडला, ज्यात ९२.४ मिळाले होते तो. पहिलाच खोकला लागला आणि तिला हसू आलं.

“अरे, आजोबा!” ती म्हणाली.

पुढचा लागला. “आणि ही माझी हसणारी बाई.” त्यापुढचा, त्यापुढचा. सगळे ओळखीचे. आणि मग तिचं हसू हळूहळू मावळत गेलेलं मी पाहिलं. तिने हेडफोन काढला. खोलीत सगळे होते, पण कुणी मान वर केली नाही.

“परीक्षेतले सगळे माझ्या ओळखीचे. म्हणजे यंत्राच्याही?” ती पुटपुटली.

ती उठून माझ्यासमोर आली. तिने मार्कर घेतला, आकृतीतल्या सरावाच्या ढिगात १७ लिहिलं आणि परीक्षेच्या ढिगातही १७ लिहिलं.

मित्रांनो, तुमच्या लक्षात आलं का? ढीग पिसला होता तो खोकल्यांचा, माणसांचा नाही. आजोबांच्या दहा खोकल्यांपैकी आठ सरावाला गेले होते आणि दोन परीक्षेला. यंत्र आजार ओळखायला शिकलंच नव्हतं. ते आजोबांना ओळखायला शिकलं होतं. हा आवाज आजोबांचा, आजोबा आजारी, म्हणून हा खोकला आजारी, एवढीच त्याची हुशारी. अनोळखी माणूस समोर आला की त्याची बोबडी वळली. ही चूक कुणी लपवलेली नव्हती. तीन वर्षं ती माझ्या अंगावर, हिरव्या शाईत, चौकटीत, उजेडात होती. तिचे फोटो निघाले होते. वर लिहिलं होतं पुसू नये, आणि म्हणून कुणी पुसली नाही, आणि वाचलीही नाही.

पुढचा रविवार मी विसरणार नाही. ती आली ती सरळ माझ्यासमोर. हातात डस्टर. तिला सगळं दिसत होतं आणि मलाही. नव्या इस्पितळाबद्दल कुणाला माहीत नव्हतं. परीक्षक विचारणार नव्हते. तो ५४ तिने खोडून टाकला असता आणि माझ्यावरून एक हात फिरवला असता, तर तीन आठवड्यांत ती डॉक्टर झाली असती. तिला नोकरीही आधीच मिळालेली होती. तेवढ्यात फोन वाजला. आई होती.

“अगं, गंमत ऐक. बाबांना अजिबात धीर नाही! दारावरची पाटी करून आणली तुझ्या नावाची. पुढे डॉक्टर लावून. मी म्हटलं अहो, परीक्षा तर होऊ दे. तर म्हणतात, आता राहिलंय काय?”

ती “हं” म्हणाली. आणखी दोनदा “हं” म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने डस्टर माझ्या अंगाला टेकवलं. मला त्याचा भार जाणवला. मला तोंड असतं तर मी काय म्हटलं असतं? पुस म्हटलं असतं की पुसू नकोस? प्रामाणिकपणे सांगतो, मला ठरवता आलं नाही, कारण ती मला फार जवळची झाली होती. शेवटी ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “कुणीतरी गावात याच्यात खोकणार. आणि हे म्हणणार, घाबरू नका.” तिने डस्टर खाली ठेवलं, जमिनीवर माझ्याखाली बसली आणि रडली. पाठ मला टेकलेली होती, त्यामुळे तिचे हुंदके मला कळत होते.

सोमवारी सर दारात आले. “लवकर सांग, मला निघायचंय.”

“सर, तुम्ही बसा.”

सर त्या खोलीत कधी बसले नव्हते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि बसले. तिने दोन्ही ढिगांतल्या सतराच्या आकड्यांवर बोट ठेवलं आणि नव्या इस्पितळाचा आकडा सांगितला. मिनिटभराचं काम. सरांनी खांद्यावरची बॅग काढून खाली ठेवली.

“हे आणखी कुणाला माहीत आहे?” त्यांनी विचारलं.

माझं पोलाद गार पडलं. या प्रश्नातून दोन वाटा फुटतात, हे मलाही कळत होतं.

“मला,” ती म्हणाली, “आणि या फळ्याला.”

सर हसले नाहीत. त्यांनी माझ्यावरची आकृती पुन्हा वरपासून वाचली.

“ही आकृती तू माझ्यासमोरच काढली होतीस ना?”

“हो, सर.”

“आणि मी छान म्हणालो होतो.”

तिने माझ्यावरचं बोट काढून घेतलं.

“मी आकडाच बघत होतो,” सर म्हणाले. “दर सोमवारी. पत्र आजच लिहू, निबंध मागे घेतो म्हणून. दोघांच्या नावाने. आणि परीक्षा पुढे ढकलावी लागेल. तुला... तुला बरंच पुन्हा करावं लागेल गं.”

त्या दिवशी सर दीड तास बसले. त्यांची गाडी चुकली.

निबंध मागे घेतल्याचं जगजाहीर झालं. मिळालेली नोकरी गेली. खोलीत बातमी पसरली तेव्हा एकेक हेडफोन उतरला आणि प्रत्येकजण घाईघाईने आपापले ढीग तपासायला लागला. त्यातला एक संध्याकाळपर्यंत पांढराफटक पडला होता, मग तोही उठून तिच्या टेबलाशी गेला आणि म्हणाला, “माझं जरा बघतेस का? दुसऱ्या कुणीतरी बघायला हवंय.” एवढ्या वर्षांत त्या खोलीत कुणी कुणाला असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

घरी मात्र तिला एकटीलाच सांगावं लागलं. “आई, ती पाटी... अजून लावू नका,” एवढंच तिला बोलता आलं. मग बाबांनी फोन घेतला. त्यांचा आवाज माझ्यापर्यंत आला. “पाटीचं काय एवढं? पितळेची आहे. खराब होत नाही.”

पुढे दीड वर्ष लागलं. या वेळी तिने माणसं वेगळी केली, खोकले नाही. आकडा आला ६१. मग ६६. खूप खपून शेवटी ७१. त्याचा कुणी फोटो काढला नाही. त्या दीड वर्षात मी तिला पुन्हा जास्त वेळा एकटीच पाहिलं. खोलीतल्यांचे हेडफोन हळूहळू परत कानांवर गेले होते. माझ्यावरची जुनी चौकट तिने मुद्दाम ठेवली होती. “राहू दे. रोज दिसली पाहिजे,” असं मला सांगितलं होतं.

परीक्षा झाली. ती पास झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती टेबल आवरायला आली. सगळं एका पिशवीत मावलं. मग डस्टर घेऊन चौकट पुसायला लागली, तर शाई हलेना! साडेचार वर्षांत ती माझ्या अंगात बसली होती. तिने पाणी लावलं, जोर लावला. काही नाही. खोली झाडायला आलेल्या मावशी हे बघत होत्या.

“तशी नाही जायची ती, ताई,” मावशी म्हणाल्या. “जुनी झालीय. ताज्या शाईनं वरून गिरवा आणि ओली असतानाच पुसा. मग निघते.”

मग तिने हिरवा मार्कर घेतला आणि आपल्याच हाताने ती सगळी चूक पुन्हा लिहिली. मोठा ढीग, दोन लहान ढीग, दोन्हीकडचे सतरा. मग नऊ, दोन, टिंब, चार. मग ‘पुसू नये’. एकेक गिरवायची आणि पुसायची. मला कुठेही दुखलं नाही. शेवटी तिने माझ्यावर तळवा ठेवला आणि म्हणाली, “येते रे.” एवढ्या लोकांनी माझ्यावर लिहिलं, पण जाताना मला सांगून गेली ती एकटीच.

वर्षभराने खोलीत काचेचे फळे आले आणि मी इथे आलो.

मित्रांनो, तुमच्या वर्गात फळा असेल तर तो रोज पुसा. फार दिवस तसंच राहिलेलं काही दिसलं तर ते आधी वाचा. आणि कुणी एकटंच फळ्यासमोर उभं असेल, तर मागून मुकाट्याने जाऊ नका. उत्तर किती आलं, एवढंच विचारू नका. ते कसं आलं, हेही विचारा. तुम्हाला त्यातलं काही कळलं नाही तरी चालेल. तिला तीन वर्षांत कुणी विचारलं असतं, तर सांगता सांगता तिचं तिलाच कळलं असतं.

माझं आता एकच मागणं आहे. या खोलीत कधी आलात तर मला फिरवून ठेवा, तोंड दाराकडे करून. माझ्या उजव्या कोपऱ्यात, जिथे ती चौकट होती, तिथे इतकी वर्षं कुणाचा हात फिरला नाही. तेवढीच जागा अजून कारखान्यातून आल्यासारखी पांढरी आहे. तिथे लिहायला खुशाल या. फक्त एकटे येऊ नका.